मिलिटरी ग्रेड कुठे पुरतो आणि रॅड-हार्ड कुठे लागतोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. ५५० किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेत ३ वर्षं चालायचा एक छोटा उपग्रह, आणि त्याचा पॉवर व कंट्रोल बोर्ड बनवायचाय. डिझाइनवाले म्हणतात, सगळे पार्ट रॅड-हार्डच, म्हणजे किरणोत्सर्ग सोसायला मुद्दाम बनवलेलेच घ्या, नंतर डोक्याला ताप नको. खरेदीवाले म्हणतात, मिलिटरी ग्रेड घेतोय ना? उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस, सिरॅमिक पॅकेज, बर्न-इन झालेला (गरम अवस्थेत तासन् तास चालवून पाहिलेला) माल. त्याच्यावर आणखी काय हवं? कितीतरी पट पैसे आणि महिनोन् महिने वाट कशासाठी बघायची?

दोघांच्याही डोक्यात एकच शिडी आहे: खाली कमर्शिअल, मग इंडस्ट्रिअल, मग मिलिटरी आणि सगळ्यात वर रॅड-हार्ड. वाद आहे तो फक्त किती पायऱ्या चढायच्या याचा. पण अशी शिडी मुळात नाहीच. मिलिटरी ग्रेडची सगळी तपासणी तापमान, ओलावा, धक्के आणि कंपनं यांसाठी असते, शिवाय सुरुवातीलाच दगा देणारे पार्ट त्यात बाजूला काढले जातात. किरणोत्सर्गाबद्दल ती पूर्ण गप्प असते. त्यामुळे किरणोत्सर्गाचा डेटा नसलेला मिलिटरी पार्ट त्या बाबतीत अनोळखीच समजायचा. तो उत्तम निघेल किंवा पहिल्या आठवड्यात जळेल, यातलं काहीही होऊ शकतं. साध्या प्लास्टिक पॅकेजमधल्या पार्टचा व्यवस्थित चाचणी-अहवाल हातात असेल, तर सिरॅमिकमधल्या अनोळखी पार्टपेक्षा मी आधी त्याचा विचार करेन.

सुरुवात पार्ट नंबरपासून करा. अमेरिकी मिलिटरी प्रमाणाच्या आयसींचा नंबर ५९६२ ने सुरू होतो आणि मेख त्याच्या पुढच्याच एका जागेत आहे. तिथे नुसती आडवी रेघ असेल तर किरणोत्सर्गाची कसलीही हमी नाही. अक्षर असेल तर एकूण डोसची, म्हणजे पार्टमध्ये साठत जाणाऱ्या किरणोत्सर्गाची हमी आहे (रॅड हे त्याचं एकक): एम म्हणजे ३ किलोरॅड, डी १०, पी ३०, एल ५०, आर १००, एफ ३००, जी ५०० आणि एच म्हणजे १००० किलोरॅड. मिल-पीआरएफ-३८५३५ या प्रमाणात क्यू वर्ग नेहमीचा मिलिटरी आणि व्ही वर्ग अंतराळासाठीचा. दोघांचं बर्न-इन १२५ अंशांना, क्यूचं साधारण १६० तास, व्हीचं २४०. पण व्ही वर्गातला पार्टसुद्धा ५९६२ नंतर आडवी रेघ घेऊन येऊ शकतो. म्हणजे अंतराळ दर्जाचा आहे, कागदपत्रं चोख आहेत, आणि डोसची हमी शून्य. ट्रान्झिस्टर-डायोडच्या बाबतीत हेच अक्षर 'जान-एस' या अंतराळ दर्जाच्या खुणेच्या मागे चिकटतं. 'जान-एस-आर' मधला आर म्हणजे १०० किलोरॅड. 'जान-टीएक्सव्ही' एवढंच लिहिलेलं असेल तर तो माल उत्तम तपासलेला आहे, पण किरणोत्सर्गाच्या दृष्टीने कोरी पाटी.

आणि ते अक्षर फक्त डोसपुरतं असतं, हे विसरू नका. एखाद्या जड आयनाने (अंतराळातून येणाऱ्या वेगवान भारित अणूने) पार्ट जळेल का, लॅच-अप (चिपच्या आतच होणारा, आपोआप न सुटणारा शॉर्ट) होईल का, हे त्या पार्टच्या ड्रॉइंगमध्ये वेगळ्या तळटीपेत लिहिलेलं असतं, किंवा लिहिलेलंच नसतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत रॅड-हार्ड म्हटलेले काही पार्ट १०० किलोरॅड आरामात सोसतात, पण आयनांबद्दल विचारलं की विक्रेता हात वर करतो. तेव्हा 'रॅड-हार्ड आहे का?' असं विचारूच नका. कशाला हार्ड, किती हार्ड आणि कोणत्या परिस्थितीत तपासलेला, हे विचारा.

किरणोत्सर्ग पार्टला तीन वेगवेगळ्या वाटांनी मारतो. एक म्हणजे साठत जाणारा डोस: ऑक्साइडच्या थरात विद्युतभार अडकत जातो, थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होण्याचं व्होल्टेज) सरकतो, गळती वाढते. दुसरी, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनमुळे स्फटिकातले अणू जागचे हलतात. याचा फटका मुख्यतः ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे पोचवणारा पार्ट), सोलर सेल आणि इमेज सेन्सरला बसतो. तिसरी वाट एकाच कणाची. एकच जड आयन चिपमधून जातो आणि त्या क्षणी बिट उलटतो, आउटपुटला काटा (सिग्नलची क्षणिक उसळी) येतो, लॅच-अप होतं किंवा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जळतो. पहिल्या दोन वाटांना वेळ लागतो. तिसरीला तारीख नसते, ती प्रक्षेपणानंतर तासाभरातही घडू शकते.

तुमच्या कक्षेचा हिशेब सांगतो. ५५० किलोमीटरवर, ध्रुवीय कक्षेत, ३ मिलिमीटर ॲल्युमिनिअममागे वर्षाला ढोबळ १ किलोरॅड धरा. सौरचक्रानुसार आणि बोर्ड उपग्रहात कुठे बसवलाय त्यानुसार तो कमी-जास्त होईल. स्पेनव्हिससारख्या साधनात स्वतःच्या कक्षेचे आकडे टाकून बघा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ३ वर्षांचे ३-४ किलोरॅड, त्याच्या दुप्पट मार्जिन धरलं तरी १० किलोरॅडच्या आत. आजचे बहुतेक सीमॉस पार्ट (डिजिटल चिपचा नेहमीचा प्रकार) एवढं सोसतात, कारण गेट ऑक्साइड इतका पातळ झालाय की त्यात अडकून राहायला भाराला जागाच उरत नाही. मग केवळ डोससाठी १०० किलोरॅडचा पार्ट घेण्यात काय हशील? भूस्थिर कक्षेत १५ वर्षं राहायचं असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे अनेक दहा किलोरॅड जमतात. आणि गुरूजवळ जायचं असेल तर सगळा हिशेबच बदलतो. जूनो यानाची इलेक्ट्रॉनिक्स सुमारे १ सेंटिमीटर जाडीच्या टायटॅनिअमच्या पेटीत बसवलीय ती उगाच नाही.

डोसच्या बाबतीत तुम्हाला खरी भीती आहे ती जुन्या बायपोलर लिनिअर (ॲनालॉग) पार्टची: ऑप-ॲम्प, कंपॅरेटर, व्होल्टेज रेफरन्स, रेग्युलेटर. मिलिटरीच्या यादीत हेच भरपूर सापडतात. यांची खोड अशी की डोस जितक्या सावकाश मिळेल तितकं नुकसान जास्त. हे १९९१ च्या सुमारास ध्यानात आलं, आणि जुन्या चाचण्यांवरचा भरवसा डळमळला. प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० या गॅमा किरणांच्या स्रोतासमोर सेकंदाला ५० ते ३०० रॅड या वेगाने तासाभरात डोस देऊन टाकतात, तेव्हा पार्ट पास होतो. कक्षेत तोच डोस वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने मिळतो आणि इनपुट बायस करंट कितीतरी वर गेलेला असतो. म्हणून बायपोलर पार्टचा अहवाल वाचताना सगळ्यात आधी डोसचा वेग बघा. सेकंदाला १० मिलिरॅड किंवा त्याहून सावकाश केलेली चाचणी असेल तर विश्वास ठेवा. नसेल तर तो १०० किलोरॅडचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

बर्न-इनबद्दलही एक गैरसमज आहे. बर्न-इनने पार्ट सगळ्याच बाबतींत सुधारतो असं खरेदीवाल्यांना वाटतं. काही प्रकारच्या पार्टांमध्ये बर्न-इनमुळे डोसला मिळणारा प्रतिसादच बदलतो, आणि तो बदल नेहमी चांगल्या बाजूलाच होतो असं नाही. त्यामुळे बर्न-इन न झालेल्या नमुन्यावर डोसची चाचणी करायची आणि बर्न-इन झालेला माल उडवायचा, हे चालत नाही. ज्या अवस्थेतला पार्ट उडणार, त्याच अवस्थेतला पार्ट तपासायचा. पुष्कळ जुने अहवाल इथेच लंगडे पडतात.

सिरॅमिक किंवा धातूच्या हवाबंद पॅकेजवरच्या श्रद्धेलाही फार पूर्वीच धक्का बसलेला आहे. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने स्टारफिश प्राइम हा १.४ मेगाटनचा अणुस्फोट ४०० किलोमीटर उंचीवर केला आणि दुसऱ्याच दिवशी टेलस्टार उपग्रह सोडला. कृत्रिमरीत्या वाढलेल्या किरणोत्सर्ग पट्ट्यातून तो फिरत राहिला आणि काही महिन्यांत त्याचे कमांड डिकोडर बंद पडले. शोध घेतल्यावर कळलं की ट्रान्झिस्टरच्या बंद डबीतलाच वायू आयनित होऊन चिपच्या पृष्ठभागावर भार साठवत होता. व्होल्टेज काढून घेतल्यावर काही काळ ते पुन्हा चाललेसुद्धा. फेब्रुवारी १९६३ मध्ये टेलस्टार कायमचा गेला. हवाबंद डबी ओलावा थांबवते, कण थांबवत नाही. आणि पार्टवर व्होल्टेज असताना मिळालेला डोस व नसताना मिळालेला डोस यांत फरक असतो. राखीव बोर्ड बंद ठेवण्यामागे वीज वाचवण्याबरोबर हेही एक कारण असतं.

आता मुख्य मुद्दा, लॅच-अप. सीमॉसच्या पोटात नको असलेला एक थायरिस्टर दडलेला असतो. आयनाने त्याला जागं केलं की पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये जवळजवळ शॉर्ट होतो, आणि वीज तोडेपर्यंत तो सुटत नाही. करंट ४० मिलिअँपिअरवरून एकदम ४००-५०० वर जाऊन तिथेच चिकटतो. वेळेत तोडला तर चिप वाचते, नाही तर आतली धातूची रेघ वितळते. लॅच-अपला बळी पडणाऱ्या पार्टमध्ये आणि मिलिटरी प्रमाणपत्रामध्ये काहीही वैर नाही, दोन्ही एकाच चिपवर सुखाने नांदतात. फोबोस-ग्रुंट हे रशियाचं यान नोव्हेंबर २०११ मध्ये उडालं, पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं आणि जानेवारी २०१२ मध्ये कोसळलं. सरकारी चौकशीने ठपका ठेवला तो कॉम्प्युटरचे दोन चॅनल एकाच वेळी रीस्टार्ट होण्यावर, आणि कारण दिलं जड भारित कणांचं. त्या कॉम्प्युटरमधली एसरॅम (मेमरी चिप) मिलिटरी विमानांसाठी चालणाऱ्या दर्जाची होती, आणि ती लॅच-अप होते हे आधीच्या चाचण्यांतून जाहीर झालेलं होतं. आता इतक्या थोड्या वेळात दोन्ही चॅनलना कण लागले हे कारण अनेक जाणकारांना पटलेलं नाही, मलाही ते सोयीचं वाटतं. पण तो पार्ट तिथे नको होता, याबद्दल दुमत नाही.

आयन किती जोरकस आहे हे एलईटी या मापाने सांगतात, एकक एमईव्ही-चौरस सेंटिमीटर प्रति मिलिग्रॅम. वैश्विक किरणांमध्ये लोखंडापर्यंतची मूलद्रव्यं बऱ्यापैकी असतात, त्यापुढे एकदम घसरण. त्यामुळे ३० च्या आसपासच्या एलईटीनंतर कणांची संख्या झपाट्याने कमी होते. तरी तिरपे घुसणारे कण आणि मार्जिन धरून 'किमान ६० पर्यंत लॅच-अप नाही' अशी अट सर्रास घातली जाते, काही जण ७५ मागतात. खालची बाजूही बघा. १५ च्या खालीच लॅच-अप सुरू होत असेल तर जड आयनांची गरजच नाही, साधे प्रोटॉनसुद्धा सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आपटून तेवढी ऊर्जा सोडू शकतात. आणि तुमचा उपग्रह दक्षिण अटलांटिकवरच्या प्रोटॉनच्या दाट पट्ट्यातून दिवसातून बऱ्याच वेळा जाणार आहे. असा पार्ट मी संरक्षण सर्किट लावूनही घेणार नाही.

मधल्या पट्ट्यातल्या, म्हणजे क्वचित लॅच-अप होणाऱ्या पार्टला करंट-लिमिट लावून चालवता येतं, पण इथे बहुतेक नवे डिझायनर एका ठिकाणी फसतात. ते पार्टची वीज तोडतात, पण त्या पार्टच्या इनपुट पिनांवर शेजारच्या चिपकडून ३.३ व्होल्ट येतच राहतात. पिनावरच्या संरक्षक डायोडमधून तेवढा करंट आत जातो आणि लॅच-अप टिकून राहतो. स्कोपवर बघितलं तर 'बंद' केलेल्या रेलवर व्होल्ट-दीड व्होल्ट तरंगताना दिसतो. म्हणजे वीज तोडायची तर त्या पार्टला जोडलेल्या सगळ्या सिग्नललाही शून्यावर आणायचं किंवा मध्ये बफर घालायचे, आणि रेल रिकामी व्हायला पुरेसा वेळ द्यायचा. दुसरी अडचण मोठ्या प्रोसेसरची. तो स्वतःच दोन अँपिअर खातो, तिथे एका कोपऱ्यात झालेला ८० मिलिअँपिअरचा लॅच-अप मर्यादेत कसा पकडणार? शिवाय वेळेत तोडलेल्या लॅच-अपनेही आत अर्धवट इजा राहू शकते, ती चिप आज चालते आणि चार महिन्यांनी मरते.

पॉवर मॉसफेट हा दुसरा जीवघेणा पार्ट. बंद अवस्थेत ड्रेनवर मोठं व्होल्टेज असताना आयन गेला की एन-चॅनल मॉसफेट जळतो किंवा गेटचा ऑक्साइड फुटतो. हार्ड न केलेला मॉसफेट रेटिंगच्या निम्म्याहूनही कमी व्होल्टेजवर जळू शकतो, आणि डेटाशीटमधलं एकही तापमानाचं कोष्टक तुम्हाला हे सांगत नाही. तुमच्या बोर्डावर रॅड-हार्ड घ्यायची पहिली जागा हीच. नाहीच मिळाला तर जास्त रेटिंगचा घ्या, आयनांसमोर तपासा आणि जिथे बिनधास्त टिकला त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच वापरा. गेटला बंद अवस्थेत उणे व्होल्टेज देणं टाळा, त्याने गेट फुटण्याचा धोका वाढतो. पी-चॅनल जळण्याच्या बाबतीत बराच दणकट आहे. हाय-साइड स्विचसाठी रेझिस्टन्स थोडा जास्त पडला तरी मी तोच वापरतो.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॉवर सप्लायचं स्विचिंग सांभाळणारी चिप) हाही रॅड-हार्डच घ्या. एका काट्याने त्याची ड्यूटी सायकल (स्विच चालू राहण्याचं प्रमाण) भरकटली तर आउटपुट वर जाऊन मागचं सगळं भाजून निघतं. व्होल्टेज रेफरन्सला मात्र सावकाश डोसची चाचणी झालेला मिलिटरी पार्ट पुरतो. कंपॅरेटरच्या आउटपुटला येणारा काटा काही मायक्रोसेकंदांचा असतो, आरसी फिल्टरने तो गिळता येतो. तेवढ्यासाठी महागडा पार्ट नको, फक्त ओव्हर-व्होल्टेज ट्रिपच्या मार्गात तो फिल्टर आहे ना, हे बघा. या साध्या गोष्टीअभावी कक्षेत विनाकारण बंद पडलेले पॉवर सप्लाय काही कमी नाहीत.

ऑप्टोकपलर टाळता आला तर टाळाच. टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह १९९२ मध्ये १३३६ किलोमीटरवर गेला आणि काही वर्षांत त्याच्या थ्रस्टरच्या स्थिती सांगणाऱ्या सर्किटांतले ऑप्टोकपलर प्रोटॉनमुळे निकामी झाले. त्या पार्टच्या डोस चाचणीत काही वावगं दिसलं नसतं, कारण कोबाल्टच्या गॅमा किरणांनी अणू फारसे हलत नाहीत. तुमच्या उंचीवर प्रोटॉन कमी आहेत, तरी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने होत असेल तर तेच बरं.

रेझिस्टर, सिरॅमिक कपॅसिटर, टँटलम, इंडक्टर, बहुतेक कनेक्टर यांच्यासाठी रॅड-हार्ड शोधत बसू नका. तिथे चांगला मिलिटरी ग्रेडच हवा, आणि खरं तर त्याची तपासणी तिथेच सर्वांत जास्त फळते. फक्त केबलच्या इन्सुलेशनमध्ये टेफ्लॉन किती डोस घेणार एवढं मोठ्या डोसच्या मोहिमांमध्ये बघतात, तुम्हाला त्याची गरज नाही.

मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी ही सगळ्यात वादाची जागा. बिट उलटणारच, ते गृहीत धरून चाला: मेमरीला ईसीसी (चूक ओळखून सुधारणारा कोड), नियमित स्क्रबिंग (मेमरी वाचून चुका दुरुस्त करत राहणं), स्वतंत्र वॉचडॉग (अडकलेल्या प्रोसेसरला रीसेट करणारं सर्किट), आणि महत्त्वाच्या व्हेरिएबलच्या तीन प्रती. उलटलेला बिट सॉफ्टवेअरने सुधारता येतो, जळालेला पार्ट येत नाही. निवडीचा माझा क्रम त्यावरूनच ठरतो: आधी लॅच-अप आणि जळणं, मग डोस, मग बिट. फ्लॅश मेमरीत साठवलेला डेटा बऱ्यापैकी टिकतो, पण आतला चार्ज पंप डोसने लवकर दमतो, म्हणजे वाचता येतं पण पुसता-लिहिता येत नाही. म्हणून उड्डाणात शक्य तितकं कमी लिहा आणि वापरात नसताना तिची वीज बंद ठेवा. एसरॅमवर चालणारी एफपीजीए (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) घेतली तर नुसता डेटाच नाही, सर्किटची रचनाच उलटू शकते. कंट्रोल बोर्डासाठी फ्लॅश किंवा अँटिफ्यूजवाली एफपीजीए निवांत.

मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचं उदाहरण या बाबतीत लोक अर्धवट सांगतात. 'मोबाइलचा प्रोसेसर मंगळावर उडला, मग रॅड-हार्ड कशाला?' खरंय, त्यात स्नॅपड्रॅगन ८०१ होता आणि जानेवारी २०२४ पर्यंत ते ७२ वेळा उडलं. पण उड्डाण सांभाळणारे मायक्रोकंट्रोलर जोडीने लावले होते, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी, बिघडलेल्याची वीज तोडून दुसऱ्याकडे सूत्रं देणारी एफपीजीए मिलिटरी ग्रेडची होती. हीच एफपीजीए का? कारण त्याच कुटुंबातल्या किरणोत्सर्ग सोसणाऱ्या आवृत्तीत तेच सिलिकॉन आहे. मिलिटरी ग्रेड शहाणपणाने निवडणं म्हणतात ते हेच. निर्मात्याच्या रॅड-हार्ड किंवा रॅड-टॉलरंट यादीत त्याच डायचा (आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याचा) भाऊ आहे का ते शोधायचं आणि डाय, मास्कची आवृत्ती, फॅब (चिप बनवणारा कारखाना) एकच असल्याचं लेखी मागायचं. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

लेखी का, तर मिलिटरी पार्टचा निर्माता प्रमाणात बसून डाय लहान करू शकतो किंवा फॅब बदलू शकतो. विद्युत गुणधर्म, तापमान, पिना सगळं जसंच्या तसं, प्रमाणपत्रही तेच. किरणोत्सर्गाची हमी त्याने दिलेलीच नव्हती, त्यामुळे तो बदल त्याच्या लेखी बदलच नाही. एकाच पार्ट नंबरचे दोन लॉट मी एकाच वेळी कोबाल्टसमोर ठेवलेले पाहिलेत: एक शेवटपर्यंत डेटाशीटच्या मर्यादेत, दुसरा अर्ध्या वाटेतच बाहेर. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. दहा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या डेटकोडचा (उत्पादनाच्या तारखेचा) अहवाल दिशा दाखवतो, तेवढंच.

रॅड-हार्डचा शिक्का असला तरी ही काळजी सुटत नाही. नासाचं गुरूकडे जाणारं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये उडण्याच्या काही महिने आधी कळलं की यानभर लावलेले मॉसफेट अपेक्षेपेक्षा कमी डोसला नापास होऊ शकतात. हे पार्ट किरणोत्सर्गासाठी म्हणूनच घेतलेले होते. उन्हाळाभर चाचण्या झाल्या. यान गुरूच्या तीव्र पट्ट्यातून बाहेर असताना ट्रान्झिस्टर काही अंशी आपोआप सावरतात हे मोजून दाखवलं, आणि मगच उड्डाणाला हिरवा कंदील मिळाला. त्यांच्याकडे माणसं आणि यंत्रणा होती म्हणून ते निभावलं.

उपग्रह सोडून इतर कामांचं थोडक्यात. १२ किलोमीटरवर उडणाऱ्या विमानात डोसचा प्रश्न नसतो, पण न्यूट्रॉन असतात: तिथे ताशी चौरस सेंटिमीटरला सुमारे ६०००, जमिनीवर समुद्रसपाटीला साधारण १३. मिलिटरी ग्रेड, ईसीसी आणि व्होल्टेज कमी ठेवून वापरलेले मॉसफेट यांवर तिथे भागतं. अणुस्फोटाला तोंड द्यायचं असेल तर चित्र वेगळं. तिथे क्षणार्धात येणारा प्रचंड डोस आणि न्यूट्रॉनचा मारा असतो, आणि त्यासाठी बनवलेला रॅड-हार्ड पार्ट अंतराळातल्या आयनांना टिकेलच असं नाही. ५०० किलोरॅड आणि त्यावरच्या आयसींवर निर्यात-नियंत्रणाचे नियमही लागू होतात, वासेनार या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ५×१०³ ग्रे (म्हणजेच ५०० किलोरॅड) हा आकडा स्पष्ट दिलेला आहे. तुम्हाला १० किलोरॅड पुरत असताना ५०० चा पार्ट मागवून परवान्याच्या फेऱ्यात अडकण्यात अर्थ नाही.

जाड पत्रा लावून भागेल का, असं कुणीतरी विचारणारच. इलेक्ट्रॉन आणि कमी ऊर्जेच्या प्रोटॉनसाठी काही प्रमाणात भागतं. एखाद्या नाजूक पार्टवर टँटलमचा छोटा तुकडा चिकटवूनही डोस खाली येतो. वैश्विक किरणांतल्या जड आयनांना तो पत्रा दिसतही नाही, त्यामुळे लॅच-अपवर तो इलाज नाही.

तर तुमच्या बोर्डासाठी माझी यादी अशी: स्विचिंगचे एन-चॅनल मॉसफेट आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर रॅड-हार्ड. देखरेख करणारी एफपीजीए किंवा सुपरवायझर असा, ज्याचा डाय रॅड-टॉलरंट आवृत्तीशी जुळतो. बायपोलर लिनिअर मिलिटरी ग्रेडचे, सावकाश डोसच्या अहवालासह. पॅसिव्ह मिलिटरी ग्रेड. मायक्रोकंट्रोलर, एडीसी आणि ट्रान्सीव्हर चाचणीचा डेटा असलेले, ग्रेड कोणताही. डेटा नसेल तर एवढ्या दोन-चार पार्टांची जड आयनांसमोर चाचणी करा, पार्टला चालणाऱ्या कमाल तापमानावर आणि कमाल व्होल्टेजवर, कारण लॅच-अप गरम चिपमध्ये लवकर होतो. चौरस सेंटिमीटरला १०⁷ आयन देऊनही घटना घडली नाही तर पार्ट स्वीकारा. प्लास्टिक उघडून डाय मोकळा करायला लागेल, त्यात काही नग वाया जातात, तेव्हा जास्तीचे ठेवा. बेल्जियममधलं लूवँ, फिनलंडमधलं युवास्कुला, टेक्सास ए अँड एम अशा ठिकाणच्या सायक्लोट्रॉनवर (आयनांना वेग देणाऱ्या यंत्रावर) वेळ तासांच्या हिशेबाने मिळते आणि रांग मोठी असते.

म्हणून क्रम असा ठेवा: मॉसफेट आणि कंट्रोलरची ऑर्डर आजच टाका, सगळ्यात उशिरा तेच येतात. बाकीचे पार्ट एकाच डेटकोडचे, चाचणी आणि उड्डाण दोन्हींना पुरतील एवढे, एकदमच घ्या. सायक्लोट्रॉनवरच्या बीमची वेळ मात्र लेआउट गोठवायच्या आधीची मिळवा. एखादा ट्रान्सीव्हर तिथे नापास झाला तर दुसऱ्याच्या पिना वेगळ्या असतात, आणि तेव्हा बोर्ड बनून आलेला असला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागेल.